माजघरांतील मैफल : पायपेटीचे तीन सोबती

नवरात्राचे घट बसले म्हणजे आमच्या तलवाड्यास माणसांचा पूर येतो. त्वरितादेवीच्या दर्शनास गेवराई, माजलगांव, बीड या बाजूंनीं यात्रेकरू येतात, आणि वर्षभर बाहेरगांवीं असलेलीं मुलें-नातवंडें कुलाचारासाठीं घरोघर परततात. एरवीं दुपारच्या वेळीं आमच्या वाड्याच्या ढाळजेंत चिमण्यांखेरीज कोणी बोलत नाहीं. पण त्या नऊ दिवसांत चुलीवरचें पातेलें उतरावयास सवड नसते आणि ओसरीवर निजावयास जागा नसते. अशा गर्दींत यंदां एक गोष्ट घडली. या महिन्याचें सदर तिलाच द्यावें असें आम्हीं ठरविलें आहे. गोष्ट गाण्याची आहे. परंतु केवळ गाण्याची नाहीं.

आमचा धाकटा पुतण्या पुण्यास शिकतो. त्यानें येतांना आपल्या मोबाईलमध्यें एक संग्रह भरून आणला होता. अमेरिकेंत ऑर्गन, गिटार आणि ढोल या तीनच वाद्यांचे मेळ असतात. अशा मेळांचें निवडक वादन, ज्यांनीं तें पूर्वीं कधींच ऐकलें नाहीं अशा श्रोत्यांसाठीं, एका ठिकाणीं गोळा केलेलें होतें. ललितापंचमीच्या रात्रीं आरती आटोपली, पानें उठलीं, मंडळी माजघरांत सतरंजीवर विसावली, तेव्हां त्यानें तें लावलें. पहिल्यानें कोणास कांहीं उमगेना. खालून एक जाड, गोल सूर डुलत चालला आहे, मध्यें पेटीसारखा पण पेटीहून भरदार असा दुसरा सूर लाटेप्रमाणें फुगतो आणि ओसरतो आहे, वर गिटारीची नेमकी टोंचणी, आणि या सर्वांस ढोल-झांजेचा आडवा ठेका पुढें रेटतो आहे, असें तें वादन होतें. लहान मुलांचे पाय आपोआप हलूं लागले. आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सर्वजण दादा म्हणतात, कपाळास आठी घालून म्हणाले, “घट बसलेल्या घरांत हा काय गोंगाट लाविला आहे?”

पुतण्या बिचारा तें बंद करणार, तोंच कोपऱ्यांतून आत्याबाईंचा आवाज आला, “राहूं दे रे. पायपेटी आहे ती. पेटी एक, तार एक, ताल एक; मग तो खालचा जाड सूर कोण वाजवितो?”

“तोच पेटीवाला, आजी,” पुतण्या म्हणाला, “पायांनीं.”

आत्याबाईंचें वय शहाऐंशीं आहे. त्या क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग हंसून म्हणाल्या, “पायांनीं भाता हलवावयाचा, एवढेंच आम्हांला ठाऊक होतें. पायांनीं गातांही येतें म्हणावयाचें!”

त्या एका प्रश्नानें आमचें मन त्या वादनाकडे वळलें. पुढचे चार दिवस पुतण्याकडून आम्हीं त्या कलेची हकीकत समजावून घेतली, कांहीं आमच्या जुन्या वाचनांतून पडताळून पाहिली, आणि ती वाचकांपुढें ठेवितों.

ज्यास हे लोक ऑर्गन म्हणतात तें वाद्य हवेवर चालत नाहीं. शिकागो येथें लॉरेन्स हॅमंड या नांवाचे एक कल्पक गृहस्थ विजेचीं घड्याळें तयार करीत असत. घड्याळाचें चाक विजेच्या साह्यानें अगदीं ठराविक वेगानें फिरवितां येतें, या ज्ञानाचा त्यांनीं सुरासाठीं उपयोग केला. कडेला खांचा असलेलीं पोलादी चक्रें लोहचुंबकासमोर फिरविलीं म्हणजे तारेंत विजेचे हेलकावे उत्पन्न होतात. चक्र जितक्या वेगाचें व खांचा जितक्या अधिक, तितका सूर उंच. अशीं नव्वदांहून अधिक चक्रें एका पेटींत बसवून त्यांनीं १९३५ सालीं हें वाद्य बाजारांत आणिलें. मोठ्या नळ्यांचा ऑर्गन ज्या गरीब चर्चला परवडत नसे, त्यानें हा घ्यावा, असा त्यांचा हेतु होता. नळ्यांचे ऑर्गन बांधणाऱ्या कारखानदारांस हें रुचलें नाहीं. “ह्यास ऑर्गन म्हणूंच नये,” अशी तक्रार अमेरिकन सरकारच्या व्यापारविषयक मंडळापुढें गेली, १९३७ सालीं तिची सुनावणी झाली, आणि अखेर ‘ऑर्गन’ हें नांव वापरण्याचा हॅमंड यांचा हक्क कायम राहिला.

चर्चमध्यें आलेलें हें वाद्य पुढें निग्रो वस्तींतील लहान लहान उपाहारगृहांत शिरलें. त्या काळीं हाच शब्द रूढ होता. आज त्या समाजास तो अपमानास्पद वाटतो, आणि आपण त्यांस कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणणें उचित. रविवारीं सकाळीं ज्या सुरांवर भजनें होत, त्याच सुरांवर शनिवारीं रात्रीं जॅझ वाजूं लागलें. या मिश्रणास ‘सोल-जॅझ’ हें नांव मिळालें. फिलाडेल्फिया शहर हें त्याचें मोठें माहेरघर. तिकडचे जिमी स्मिथ यांनीं १९५६ सालीं न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीसाठीं ऑर्गन, गिटार आणि ढोल एवढ्याच साहित्यावर तबकड्या दिल्या, आणि तेव्हांपासून तिघांच्या मेळाची रीत सर्वत्र पसरली. तिघेच कां, तर त्याचें कारण जितकें कलेचें तितकेंच संसाराचें आहे. हॅमंडच्या प्रसिद्ध नमुन्यास, ज्यास ते बी-थ्री म्हणतात, एकसष्ट पट्ट्यांच्या दोन ओळी आणि पायाखालीं पंचवीस पट्ट्या असतात. डाव्या हातानें व पायानें खर्जाची चाल धरिली कीं खर्जाच्या वाद्यासाठीं निराळा माणूस नको. चार-पांच माणसांचें काम तिघांत भागतें. मिळकत तिघांत वांटली जाते. वाद्याचें वजन मात्र सुमारें चारशें पौंड! तें गाडींतून गांवोगांव हलविणाऱ्यांच्या पाठीचा विचार मनांत आला म्हणजे आमच्या नाटकमंडळ्यांच्या बैलगाड्या आठवतात.

या संग्रहावर ‘फंकी’ असें एक विशेषण होतें. मूळ शब्दाचा अर्थ घामट, उग्र वासाचा. पुढें त्या लोकांनीं तो शब्द अभिमानानें उचलला: जो ठेका अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या घामाशीं नातें सांगतो, ज्याचा जोर जेथें अपेक्षित तेथें न पडतां किंचित् मागें-पुढें पडून अंग हलवितो, तो फंकी. आपल्याकडे लावणीच्या ढोलकीविषयीं कित्येक सभ्य घरांत जें बोललें जाई, तेंच तिकडे याविषयीं बोललें गेलें असेल. आणि ढोलकीपुढें जसें कोणाचें कांहीं चाललें नाहीं, तसेंच तिकडेही झालें.

आतां आपल्या घरचें पाहूं. मराठी माणसास ऑर्गन हा पाहुणा नाहीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं शाकुंतल रंगभूमीवर आणिलें, १८८२ सालीं सौभद्र आलें. त्या आरंभीच्या काळांत गाण्यास सारंगी-तबल्याची साथ असे. मग पेटी आली आणि पेटीमागून पायानें भाता हलविण्याचा ऑर्गन आला. पेटी आणि ऑर्गन यांत एक भेद आहे, तो बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. पेटींत भात्याची हवा पितळेच्या जिभांवरून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्यें भाता हवा आंत ओढून घेतो, आणि जीभ त्या आंत येणाऱ्या वाऱ्यानें कांपते. म्हणून पेटीचा सूर धारदार, ऑर्गनचा मऊ. शिवाय दोन्ही पाय भात्यास लागल्यामुळें दोन्ही हात मोकळे राहतात, आणि सूर तुटत नाहीं. नट गात असतां श्वास घेतो, तेवढ्या पोकळींत ऑर्गन त्याची जागा धरून उभा राहतो. ज्यांनीं जुन्या तबकड्या कान देऊन ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, बालगंधर्वांचा सूर जेथें संपतो आणि वाद्याचा सुरू होतो तेथें सांधा सांपडत नाहीं.

बालगंधर्व, गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे या तिघांनीं १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी काढिली. टेंबे हे पेटीवरचे असाधारण गुणी. १९११ च्या मानापमानाच्या चाली त्यांच्याच. १९१६ च्या स्वयंवरास भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या. याच मंडळींत पुढें तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे थोर वादक साथीस होते. रंगमंचासमोर खालीं बसलेले ऑर्गन, सारंगी आणि तबला यांचे तीन वादक, हाही तिघांचाच मेळ! अमेरिकेंत तिघांनीं गायकावांचून गाणें केलें. आपल्याकडे तिघांनीं गायकासाठीं आपलें गाणें राखून ठेविलें, एवढाच काय तो फरक.

आणि जसा हॅमंडला विरोध झाला तसा पेटीलाही झाला. तिच्यांत मींड नाहीं, तिच्या पट्ट्यांना आपल्या श्रुति ठाऊक नाहींत, हा आक्षेप खोटा नव्हे. त्या आक्षेपाच्या जोरावर ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून पेटी आपल्या केंद्रांतून हद्दपार केली, आणि ती बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. पण नाट्यगृहांतून तिला कोणी घालवूं शकलें नाहीं. पी. मधुकरांनीं पेटीवर एकट्यानें नाट्यगीतें वाजवून तबकड्या दिल्या. गोविंदराव पटवर्धनांनीं पेटी व ऑर्गन या दोहोंवर पिढ्यानुपिढ्यांच्या गायकांस साथ दिली. गोव्याच्या बोरी गांवचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. ज्याला कमी लेखलें त्याच वाद्यानें घराघरांत सूर पोंचविला, हें दोन्ही देशांत सारखेंच घडलें.

एवढी हकीकत आम्हीं अष्टमीच्या दुपारीं माजघरांत सांगितली, तेव्हां दादांनीं एक मुद्दा काढला. तो लहानसहान नव्हता. ते म्हणाले, “तुमची माहिती खरी असेल. पण हा निवडक संग्रह म्हणजे गजऱ्यासाठीं तोडलेलीं फुलें आहेत. झाड कोठें आहे? स्वयंवर पाहिल्यावांचून स्वयंवरांतलें एक पद ऐकणें म्हणजे सोहळा सोडून अक्षता तेवढ्या घरीं आणणें. मुलांना अशी चटक लागली कीं पूर्ण नाटक, पूर्ण मैफल बसून ऐकण्याचा धीर त्यांच्यांत राहणार नाहीं.”

यावर पुतण्या कांहीं बोलला नाहीं. आम्हीही विचारांत पडलों. आक्षेप जुना आहे, आणि त्यांत तथ्य आहे. शिकागोच्या किंवा फिलाडेल्फियाच्या त्या उपाहारगृहांत एकेक तुकडा वीस-वीस मिनिटें रंगत असे. जिमी स्मिथ यांनीं १९५८ सालीं ध्वनिमुद्रित केलेला एक तुकडा तबकडीवरही वीस मिनिटें चालतो. असले लांब तुकडे नाणें टाकून वाजविण्याच्या यंत्रासाठीं लहान तबकडींत घालतांना त्यांचे पहिला भाग, दुसरा भाग असे दोन काप करीत. आपल्याकडेही तेंच. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत जें पद लांबतच जाई, तें फोनोच्या तबकडींत सव्वातीन मिनिटांत कोंबावें लागे. तेव्हां संग्रह करणारा जें वेचतो, तें आधींच वेचलेलें व कापलेलें असतें.

परंतु उत्तर आलें तें आत्याबाईंकडून. त्या वातींचा कापूस वळीत होत्या. वर न पाहतां त्या म्हणाल्या, “दादा, तूं नाटक पाहिलेंस, म्हणून तुला अक्षता वाटतात. आम्हां बायकांना या घरांतून नाटकास कोणी नेलें होतें? मीं स्वयंवर पाहिलें नाहीं, मानापमान पाहिलें नाहीं. माझ्या आईनें तर नाटकाचा पडदासुद्धां पाहिला नाहीं. चावीचा फोनो ढाळजेंत वाजावयाचा आणि आम्ही दाराआडून ऐकावयाचें. सव्वातीन मिनिटें. सुई बदलेपर्यंत थांबावयाचें, मग पुन्हा सव्वातीन मिनिटें. तेवढ्यांतच जें मिळालें तें मिळालें. तुझें झाड अंगणांत होतें, बाबा; आमच्या वांट्याला गजराच आला.”

माजघरांत कोणी बोललें नाहीं. येथें आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे, आणि ती सांगतांना आमची मान खालीं जाते.

आमच्या आजोबांनीं मोडलेल्या एका नाटकमंडळीच्या लिलावांतून एक ऑर्गन विकत घेऊन पुण्याहून आणविला होता. तो आजही ढाळजेच्या आंतल्या खोलींत आहे. आत्याबाई लहानपणीं तबकड्या ऐकून त्यावर तीं पदें बसवीत. कोणीं शिकविलें नाहीं, कोणीं अडविलेंही नाहीं. अठराव्या वर्षीं लग्न होऊन त्या सासरीं गेल्या, आणि पांच वर्षांनीं पांढऱ्या कपाळानें माहेरीं परत आल्या. तेव्हां आम्ही सहा-सात वर्षांचे होतों. त्या आल्यावर एके दिवशीं ऑर्गनचें झांकण लागलें आणि त्यावर चादर पडली. “वाजवूं नकोस,” असें कोणीं म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं. म्हणण्याची गरजच नव्हती. चादरीवर पंचांगें आलीं, मग औषधाच्या बाटल्या, मग मुलांच्या शाळेचीं दप्तरें. आमच्या दप्तराची जागाही तीच होती. पुढें आम्ही मोठे झालों, लिहूंसवरूं लागलों, स्त्रियांच्या उन्नतीवर याच सदरांत लेखही लिहिले. पण ती चादर उचलावी असें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं.

इतकेंच असतें तरी बरें. यंदां वाड्याच्या वांटणीचें ठरलें आहे. सामानाची यादी झाली, आणि ऑर्गन कोणासच नको होता. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी पंधरा हजारांस तो न्यावयास तयार झाला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं त्याच्याकडून दोन हजारांचा विसार आम्हींच घेतला होता. आत्याबाईंना विचारिलें नव्हतें. विचारावें असें सुचलेंही नव्हतें.

त्या दुपारीं आत्याबाई उठल्या, भिंतीचा आधार घेत आंतल्या खोलींत गेल्या, आणि पुतण्याच्या मदतीनें त्यांनीं ती चादर काढली. झांकण उघडलें. एका पट्टीवर बोट ठेवून त्यांनीं पाय फळीवर दाबला. सूर निघाला नाहीं. फाटलेल्या भात्यांतून नुसता सुस्कारा निघाला. त्यांनीं झांकण हलकेच लाविलें आणि म्हणाल्या, “जाऊं दे. आतां माझे गुडघेही चालत नाहींत.” तक्रारीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून आला नाहीं. तो आला असता तर आम्हांस सोपें गेलें असतें.

वाचकहो, निवडक संग्रह करावा कीं करूं नये, या प्रश्नाचा निकाल आमच्यापुरता त्या सुस्काऱ्यानें लाविला. ज्याला सर्व दारें उघडीं आहेत त्याला संग्रह अपुरा वाटणें साहजिक आहे. परंतु ज्याला दारच नाहीं त्याला संग्रह म्हणजे खिडकी होय. आणि आज नाटकमंडळ्या गेल्या, रात्र-रात्र चालणारे प्रयोग गेले. त्या दृष्टीनें आपलीं सर्वच मुलें आज दाराआड उभीं आहेत. तेव्हां संग्रह अवश्य करावा. मात्र तो करणाऱ्यानें आपली जबाबदारी ओळखावी. आम्हीं पुतण्याच्या साह्यानें घरच्या मुलांसाठीं नाट्यसंगीताचा एक लहान संग्रह सिद्ध केला, त्यांतून जीं सूत्रें हातीं आलीं तीं अशीं.

पहिलें, सर्वांत थोर तें सर्वांआधीं देऊं नये. नव्या कानास प्रथम चाल आणि ठेका ओळखूं यावा, विस्तार मागाहून. म्हणून आम्हीं आरंभ सौभद्रांतील सरळ चालीच्या पदांनीं केला, मग मानापमान, मग स्वयंवर.

दुसरें, गाण्याच्या मधोमध एखादें केवळ वादन ठेवावें. मुलांचें लक्ष शब्दांवरून उठून सुरावर बसतें. येथें आम्हीं पेटीवरील एक नाट्यगीत घातलें, आणि त्याच्या पाठोपाठ पुतण्याच्या संग्रहांतील एक अमेरिकन तुकडाही घातला. दादांनीं पाहून न पाहिल्यासारखें केलें.

तिसरें, एकच पद दोन कंठांतून ऐकवावें. बालगंधर्वांची विलंबित लाडिक फिरत आणि मास्टर दीनानाथांची झेप यांतील भेद व्याख्यानानें कळत नाहीं. तीं एकामागून एक ऐकलीं म्हणजे सात वर्षांच्या पोरासही कळतो.

चौथें, संग्रह एकाच काळांत कोंडूं नये. १९३१ च्या कान्होपात्रेंतील मास्टर कृष्णरावांच्या चालीचें भजन, १९४२ च्या कुलवधूंतील ज्योत्स्नाबाई भोळे यांचें गाणें, १९६४ ची मत्स्यगंधा आणि १९६७ ची कट्यार काळजात घुसली यांतील जितेंद्र अभिषेकींच्या चाली, अशी वाट पुढें आणावी. मुलांना कळावें कीं ही नदी थांबलेली नाहीं. अमेरिकन ऑर्गनचेंही तसेंच आहे. चक्रांचे जुने हॅमंड १९७५ च्या सुमारास निघणें बंद झालें, तरी सिएटल शहरांत डेल्व्हॉन लामार या वादकाचा तिघांचा मेळ २०१५ सालीं नव्यानें उभा राहिला. त्याची व्यवस्था त्याच्या पत्नीनें अंगावर घेतली, आणि “तूं केवळ वाजव” असें त्याला मोकळें केलें, ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गास आवडावी. आणि ज्यांना वाटतें कीं एवढें अवजड वाद्य हें पुरुषाचेंच काम, त्यांनीं फिलाडेल्फियाच्या शर्ली स्कॉट यांचें वादन ऐकावें. १९३४ सालीं जन्मलेल्या या बाईंना तिकडे ‘ऑर्गनची राणी’ म्हणत. आत्याबाईंहून त्या चार वर्षांनीं मोठ्या. हा हिशेब आम्हीं मनांत केला. मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं.

पांचवें आणि शेवटचें, संग्रहाच्या अखेरीस दार उघडें ठेवावें. एक तरी गोष्ट पूर्ण लांबीची असावी, आणि ती संपल्यावर “याच्यापुढें काय?” असें मुलानें विचारिलें तर संग्रह सफल झाला. न विचारिलें, तरी रागावूं नये. बीं पेरल्यावर दुसऱ्या दिवशीं माती उकरून पाहणारा शेतकरी आम्हीं तरी गोदाकांठीं पाहिला नाहीं.

दसऱ्याचें सोनें वांटून झाल्यावर आम्हीं व्यापाऱ्यास विसाराचे दोन हजार परत केले. तो भला माणूस; कुरकुर न करितां त्यानें घेतले. बीडहून पेट्या दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आले. त्यांनीं भात्याचें कापड व चामडें बदललें, उंदरांनीं केलेलीं घरटीं काढलीं, जिभांवरचा गंज उतरविला. एकसष्ट पट्ट्यांपैकीं बेचाळीस बोलूं लागल्या. बाकीच्यांसाठीं जुना सुटा भाग मिळाला तर पाहूं, असें सांगून ते गेले. खर्च व्यापाऱ्याच्या किंमतीहून थोडा अधिकच झाला, आणि तो कोणीं सोसावा यावर दोन दिवस घरांत वादही झाला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

दिवाळींत पाडव्याच्या संध्याकाळीं आत्याबाई ऑर्गनपुढें बसल्या. गुडघ्यांनीं भाता हलेना, तेव्हां आमची धाकटी सून पदर खोंचून खालीं जमिनीवर बसली आणि पायाखालच्या फळ्या दोन्ही हातांनीं आळीपाळीनें दाबूं लागली. पहिलीं दहा मिनिटें सूर हेंदकाळत होता. भात्याचा वेग आणि बोटांचा वेग जमेना. “घाई नको, पोरी, श्वास घे, मग मला दे,” आत्याबाई सांगत होत्या. मग एकदम जमलें. मुक्या पट्ट्या आल्या कीं त्या तेवढी जागा तोंडानें गुणगुणून भरीत. साठांहून अधिक वर्षांनीं बोटांना वाट आठवत होती. पुतण्या मोबाईल पुढें धरून ध्वनिमुद्रण करीत होता. त्याच्या पुढच्या संग्रहांत तें प्रथम येणार आहे असें तो म्हणतो. दादा दाराशीं उभे होते आणि त्यांच्या डाव्या हाताचीं बोटें चौकटीवर ठेका धरून होतीं. विचारिल्यास ते नाकबूल करितात.

वांटणीची यादी आम्हीं पुन्हा लिहिली. ऑर्गनपुढचा रकाना रिकामा होता. त्यांत दादांनीं स्वतःच्या हातानें आत्याबाईंचें पूर्ण नांव लिहिलें. सात पानांच्या त्या यादींत तें नांव त्यापूर्वीं कोठेंही आलेलें नव्हतें, हें तें लिहिलें गेल्यावर आमच्या लक्षांत आलें.